ज्याचा सण, त्याची चूल

ओणमच्या केळीच्या पानावर मीठ कुठं वाढतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. डाव्या हाताला, अगदी टोकाशी, केळ्याच्या तळलेल्या कापांजवळ. आणि पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडंच आलं पाहिजे. आसामी लोकांचा तिळाचा पिठा, बिहारी बायकांचा ठेकुआ, हैदराबादकडचा शिरखुर्मा, तमिळ लोकांचा पोंगल, कशाचंही विचारा. लग्नकार्य सोडलं तर मुळशी तालुक्याच्या बाहेर फारशी न गेलेली मी नेऱ्याची बाई, हे सगळं हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये शिकले आणि यंदा तिथूनच निवृत्त झाले.

निरोपाच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला आणि काचेचा एक जाडजूड ठोकळा दिला. त्यावर इंग्रजीत माझं नाव आहे आणि खाली लिहिलंय की मी वर्षभर सगळ्यांचे सण साजरे केले, सगळ्या संस्कृतींना एका पानात वाढलं. सुनेने तो टीव्हीशेजारी ठेवलाय. मी येता-जाता त्याचं तोंड भिंतीकडं करते, ती पुसताना पुन्हा सरळ करते. तिला वाटतं सासूला हल्ली विसरायला होतंय.

या अंकाच्या संपादकबाई आमच्या एका भाडेकरणीच्या ओळखीने आल्या. म्हणाल्या, "काकू, कँटीनच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं." गमतीजमती भरपूर आहेत, देते. पण शेवटचं जे आहे ते गमतीचं नाही आणि ते कापायचं नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

आधी काम काय ते सांगते. बाहेरच्याला वाटतं कँटीन म्हणजे मोठं पातेलं आणि मोठा डाव. तसं नसतं हो. चार माणसांची आमटी चारशेंना करायची म्हणजे सगळं शंभरपट टाकायचं नसतं. तिखट तेवढं टाकलंत तर माणसं बोंबलत सुटतील. पाणी तेवढं ओतलंत तर आमटी नुसती वाहत बसेल, कारण मोठ्या पातेल्यातलं पाणी त्या मानाने आटत नाही. फोडणी तर आणखी वेगळी. मोठ्या कढईतलं तेल गॅस बंद केला तरी तापतच राहतं, म्हणून मोहरी तडतडायच्या आधीच हात आवरावा लागतो. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं, नाकाला कळावं लागतं.

मी लागले तेव्हा नुसती पोळी-भाजी, डाळ-भात असायचं. मग कंपनीत कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्याकडं सगळ्या देशाची पोरं आहेत, तर प्रत्येकाचा सण आपण साजरा करायचा. एचआरच्या मॅडम, म्हणजे पोरगीच, माझ्या मुलीपेक्षा लहान, जानेवारीत एक रंगीत कॅलेंडर घेऊन आली. लोहडी, पोंगल, बिहू, होळी, ईद, ओणम, दुर्गापूजा, छठ, नाताळ. म्हणाली, "काकू, प्रत्येक सणाला त्यांचं ताट. जमेल ना?" कँटीनचा ठेकेदार माझ्या मागं उभा राहून मान हलवत होता, त्याचं काय जातंय. मी म्हटलं जमेल.

पहिलं ओणम मी मोबाईलवर बघून केलं. पानं उलटी मांडली. केरळची पोरं रांगेतून आली, बसली, आणि एकानेही चकार शब्द न काढता सगळ्यांनी आपापलं पान गर्रकन फिरवून घेतलं. वाढलेलं सगळं पलीकडं गेलं, सांबाराचा ओघळ टेबलावर आला. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. त्या दिवशी मी नियम केला की मोबाईलवर बघून सण करायचा नाही. ज्याचा सण, त्याच्या घरी जायचं, त्याच्या चुलीपाशी बसायचं, त्यांच्यातल्या बाईच्या हातचं आधी खायचं आणि मगच आपण पातेल्याला हात लावायचा. ज्याचा सण, त्याची चूल. ट्रेनिंगला आलेल्या नव्या पोरांनाही मी हेच पाठ करायला लावायचे.

घरं शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या शेतावर आता खोल्या आहेत, त्यात निम्मा देश भाड्याने राहतो. केरळच्या पोराची अम्मा मुलाकडं आली होती, तिच्या ओट्याशी मी पूर्ण दोन दिवस बसले. तिला हिंदी येईना, मला मल्याळम. खोबरं जाड वाटलं की ती माझ्या हातावर चापट मारायची, बस, एवढ्यावर शिकले. आसामी वॉचमनच्या बायकोने पिठा शिकवला. त्यांच्याकडचा चिकट तांदूळ इथं मिळेना, आपल्या आंबेमोहोराच्या पिठाची घडी मोडायची. शेवटी मी इंद्रायणी दळून आणला, तेव्हा कुठं ती गुंडाळी धरली. त्या बाईने तव्यावरचा पिठा बघितला आणि डोळ्याला पदर लावला. मला म्हणाली की तुमच्या तांदळाला माझ्या आईच्या घरचा वास आहे. एवढं बक्षीस पुष्कळ झालं.

ईदला हैदराबादच्या जोडप्याकडं गेले. माळ नाही माझ्या गळ्यात, पण सोमवार असतो. त्यांनी आपण होऊन सांगितलं की यात फक्त दूध, खजूर आणि शेवया आहेत. मी दोन वाट्या खाल्ल्या. आमच्या सासूबाईंना घरी येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भाडेकरू हायेत. खाल्लं तर खाल्लं." हे वाक्य लक्षात ठेवा.

शेजारच्या जांबे गावाला छठच्या वेळी मात्र माझी जिरली. तिथं बिहारी कामगारांच्या खोल्या आहेत. व्रत धरलेली बाई प्रसादाचा ठेकुआ तळत होती. मी रुबाबात आत शिरले तर तिने मला उंबऱ्यातच थांबवलं. म्हणाली, अंघोळ करून या, आणि चुलीला हात लावायचा नाही, लांबून बघा. मी सकाळीच अंघोळ केलेली. तरी पुन्हा घरी आले, पुन्हा अंघोळ केली आणि पुन्हा गेले. लांब पाटावर बसून बघितलं. तिचं व्रत होतं, तिचं बरोबर होतं. पण खरं सांगते, मला लागलं. घरी आल्यावर बराच वेळ मी चिडून भांडी आपटत होते. कुणी आपल्याला चुलीपासून लांब बसवलं की कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी ते कुठं लावून बघितलं नाही.

आता सुमन. सुमन आमच्याच नेऱ्याची, माझ्याच वयाची. आमची वरची आळी, तिची बौद्धवस्ती, मध्ये ओढा आणि एक छोटा पूल. आमच्या गच्चीवरून त्यांच्या विहाराचा झेंडा दिसतो. कँटीनला मीच तिला लावलं. भाकरीच्या कौंटरवर ती उभी राहिली की रांग तिच्यापुढंच लागायची, शेजारी फुकट पिझ्झा असला तरी. तिच्या हातची भाकरी मी रोज दुपारी खायचे, तिच्याच ताटातला ठेचा उचलायचे. एकत्र जेवायचो, एकत्र कंपनीच्या गाडीने यायचो. ती एकच गोष्ट माझी ऐकायची नाही. पाण्याच्या जगाला सरळ तोंड लावायची. मी ओरडायचे, "अगं, जगाला तोंड लावू नको, इन्स्पेक्शनवाले बघतील." ती गटागटा पिऊन तोंड पुसायची आणि म्हणायची, "बघू द्या की वैनी, आमची बी तहान हाय." आणि आम्ही दोघी हसायचो.

ती मला वैनी म्हणायची, अहो-जाहो करायची. मी तिला सुमन म्हणायचे, अगं-तुगं करायचे. आमचं वय एक. हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं.

मागच्या वर्षी जेवणाच्या रांगेत नागपूरकडचा एक मुलगा कॅलेंडर वाचत उभा होता. त्याने सहज विचारलं, "काकू, सगळे सण आहेत, बुद्ध पौर्णिमा कशी नाही?" मी म्हटलं, मॅडमला सांगते. मॅडम बिचारी ओशाळली, लगेच छापून घेतलं, बोर्डावर लावलं, सगळ्यांना मेल केला. वैशाखात बुद्ध पौर्णिमेचं ताट, पुरीभाजी आणि खीर. मला म्हणाली, "काकू, तुमच्या गावात तर असतील ना बुद्धिस्ट लोक? तुमच्या पद्धतीने शिकून घ्या."

मी हो म्हणाले आणि किचनमध्ये येऊन उभी राहिले. केरळच्या खिरीला नारळाचं दूध कितव्यांदा काढलेलं आधी घालायचं ते मला माहीत होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत वैशाख पौर्णिमेला खीर कशी करतात, ते मला माहीत नव्हतं. लग्न होऊन मी नेऱ्यात आले त्याला एवढी वर्षं झाली, नातवंडं झाली, आणि मी तो पूल ओलांडून कुणाच्याही घरात पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नव्हता.

तुम्ही म्हणाल रोज तिच्या हातचं खात होतात की. खात होते. कंपनीच्या छपराखाली सगळं चालायचं. तिथं कुणी कुणाच्या आळीचं नसतं, सगळ्यांच्या डोक्यावर तीच जाळीची टोपी. गाडी नेऱ्याच्या कमानीपाशी थांबली की ती डावीकडं जायची, मी उजवीकडं. घरी ती येतच नव्हती असं नाही. पापड लाटायला, तांदूळ निवडायला यायची, पडवीत बसायची. पडवीतल्या कोनाड्यात एक पितळी पेला असतो, त्यातून पाणी प्यायची. आम्ही त्याला कामाच्या माणसांचा पेला म्हणतो. पण गवंडी, सुतार, लाईटवाला, सगळे आमच्या स्टीलच्या ग्लासातून पितात. तो पेला कुणासाठी आहे हे घरातलं शेंबडं पोरही जाणतं, आणि कुणीही ते तोंडाने म्हणत नाही.

तर मी काय केलं? भाजी चिरताना तिच्याजवळ गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं केलं. "सुमन, ती तुमची पौर्णिमेची खीर कशी करतात गं? प्रमाण सांग ना. नाहीतर डब्यातून थोडी आण, मी चव बघते."

तिची सुरी थांबली नाही. कांदा पुरा चिरून झाल्यावर तिने माझ्याकडं बघितलं.

"वैनी, तुमचाच नियम हाय ना? ज्याचा सण त्याची चूल. आसामवालीकडं गेलात, मुसलमानाकडं गेलात, बिहारणीकडं दोनदा आंघुळ करून गेलात. माझी चूल पुलाच्या पलीकडं हाय. लई लांब न्हाई."

मी काहीतरी पुटपुटले, सासूबाईंची तब्येत, उन्हाचा त्रास.

"आलात तर शिकवीन," ती म्हणाली. "न्हाई आलात तर तुमची तुमी करा मोबाईलवर बघून. मी त्या दिवशी रजा टाकनार. आमच्या सणाची खीर आमचं घर न बघता केलेली, ती माझ्या हातानं मी वाढायची न्हाई."

आणि दुसरा कांदा घेतला. ओरडली नाही, रडली नाही. मला तिचा राग आला, हेही लिहिते. हिला मी कामाला लावलं आणि ही मला अटी घालते, असं आलं मनात. घरी जाईपर्यंत राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

दोन-चार दिवस मी टाळलं. मॅडम रोज विचारायची, ट्रायल कधी? सुमन माझ्याशी पहिल्यासारखीच बोलायची, फक्त जेवताना ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवेनाशी झाली. ती वाटी सरकली नाही की घास उतरेना. मला कळून चुकलं की मी गेले नाही तर खीर कशीही होईल, चार लोक वाहवाही करतील, पण सुमन माझ्यासाठी संपली. त्यात चूक तिची नसेल.

सुट्टीच्या दिवशी दुपारी निघाले. वैशाखातलं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, तरी पुलावर आमच्या भावकीतले एक आण्णा भेटलेच. "हिकडं कुटं गं?" मी म्हटलं, "सुमनला कामाला बोलवायला चाललेय." शिरखुर्मा खायला जाताना मी छाती काढून सांगत गेले होते. इथं गावातल्या माणसाला धडधडीत खोटं बोलले, आणि तेही जीभ न अडखळता.

सुमनचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं टाइल्स बसवलेल्या, कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं मोगरा. तिची सासू दारातच बसली होती. आमच्या घरात त्यांचा विषय निघाला की 'ठकी' म्हणतात. त्या माझ्या सासूबाईंच्या वयाच्या, मला बघून गुडघ्यावर हात देऊन उठल्या, आणि मला त्यांना काय हाक मारावी ते सुचेना. काकू, मावशी, आत्या, एवढी नाती जिभेवर असतात आपल्या, एकही पुढं आलं नाही. मी नुसतीच हात जोडून उभी राहिले.

"बसा, बसा," त्या म्हणाल्या. आत जाऊन फ्रीजमधून पाण्याची बाटली आणली आणि बिस्किटाचा पुडा आणला. मी उन्हातून आलेली, घशाला कोरड. झाकण पिरगाळलं, ते कट् करून तुटलं, निम्मी बाटली एका दमात प्याले. बरं वाटलं. पाहुणचार चांगला केला असंही वाटलं.

मग खीर. सुमनच्या सासूबाईंनीच दाखवली. तांदूळ आख्खा नाही घ्यायचा, कणी घ्यायची, तीही तुपावर परतून. दूध थोडं थोडं घालत जायचं, घाई केली तर कणी आतून कच्ची राहते. आणि गूळ. गूळ विस्तवावर घातला की दूध फाटतं, म्हणून पातेलं खाली उतरवायचं, बोट सोसेल इतकं निवू द्यायचं आणि मगच चिरलेला गूळ सोडायचा. म्हातारी म्हणाली की ही त्यांच्या आईची पद्धत, पूर्वी साखर नसायची आणि दूधही वस्तीतल्या घराघरातून वाटी-वाटी गोळा व्हायचं. पौर्णिमेला पांढरी लुगडी नेसून सगळ्या बायका विहारात ही खीर वाटतात. मी आमच्या गच्चीवरून ती पांढरी रांग दरवर्षी बघितली होती. हातातल्या वाट्यांमध्ये काय असतं ते कधी विचारलं नव्हतं.

खायला बसलो. मी पाटावर, सुमन शेजारी, सासू समोर. खीर तोंडात घातली, इतकी साधी आणि इतकी चांगली. सुमनने माठातून तांब्या भरून आणला. आधी सासूला दिला, मग स्वतः तोंड लावून प्याली, नेहमीसारखी. मी हात पुढं केला.

म्हातारी सुमनला म्हणाली, "त्यांची बाटली दे त्यांना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, ही बाटली खास आणलीत का? त्यांनी अगदी सरळ सांगितलं, त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"असतीच घरात. वरच्या आळीचं कुनी आलं, निवडनुकीला, कशाला, तर आमचं पानी कसं द्यायचं? शील असलेली बाटली बरी. पुडा बी बंदच ठेवतो. तुमाला घरी बोलनी बसायला नकोत, बाई."

म्हणजे माझी अडचण होऊ नये याची सोय त्यांनी करून ठेवली होती. आणि मी झाकण मोडून, ढेकर देऊन, ती सोय वापरून मोकळी झाले होते. बिस्किटाचा पुडा समोर तसाच होता, मी खीर खाल्ली नसती तर त्यावर भागवायला ठेवलेला. मी म्हटलं, "मला माठातलं द्या. मला माठातलंच पाहिजे."

म्हातारीने सुमनकडं बघितलं. सुमनने तांब्या खाली ठेवला.

"पिलात ना बाटली," ती म्हणाली. "बास की आता."

मला वाटलं होतं मी मागेन, ते देतील, मी पिईन आणि सगळं धुऊन निघेल. तिने ते इतक्या स्वस्तात होऊ दिलं नाही. आज विचार करते तेव्हा वाटतं, तिने बरोबर केलं.

घरी परतले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. आण्णांनी काम चोख केलं होतं. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आंघुळ करतीस न्हवं?" मी म्हटलं, "करते." आणि केली. उकाडा होता म्हणून केली, असं मी डोक्यावर पाणी ओतताना स्वतःला सांगत होते. जांब्याच्या त्या बाईने लांब बसवलं तर मी भांडी आपटली होती. आणि त्या दिवशी मी मुकाट्याने न्हाणीघरात गेले, अंगावरून सुमनचं घर धुऊन काढायला. 'भाडेकरू हायेत, खाल्लं तर खाल्लं,' ते वाक्य तेव्हा मला पुरतं समजलं. परक्याकडं खाल्लं तर गावात कुणाचं काही हलत नाही. माझं सगळं शौर्य भाडेकरूंच्या खोल्यांपुरतं होतं.

बुद्ध पौर्णिमेचं ताट झालं. सुमनने रजा टाकली नाही, पांढरी साडी नेसून आली, वर ॲप्रन. मोठ्या पातेल्यातला गूळ कधी सोडायचा हे तिनेच ठरवलं, कारण मोठं पातेलं निवायला किती वेळ घेतं हे तिलाही नाकाने कळतं. दूध फाटलं नाही. पातेली चाटूनपुसून गेली. मॅडमने फोटो काढले, माझ्या हातात डाव देऊन. तो नागपूरकडचा मुलगा दोनदा रांगेत आला. त्याने मला विचारलं, "काकू, तुमच्याकडे पण करतात का ही खीर?"

मी म्हटलं, "आमच्या शेजारी करतात."

मागून सुमन म्हणाली, "शेजारी व्हय!" आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही. त्या दुपारी तिने ठेच्याची वाटी माझ्याकडं सरकवली. तिचं मन मोठं होतं म्हणून सरकली, मी काही कमावलं म्हणून नव्हे.

मग मी मनाशी ठरवलं की आता तिला माझ्या चुलीपाशी बसवायचं. ठरवलं वैशाखात, आणि ते व्हायला दिवाळी उजाडली. मध्ये श्रावण गेला, गौरी-गणपती गेले, दसरा गेला. प्रत्येक वेळी काही ना काही कारण. कारणं मला चिकार सुचायची. दिवाळीला मात्र मी सासूबाईंना सांगितलं की चकल्या करायला सुमन येणार आहे आणि ती आत बसणार आहे. त्या म्हणाल्या, "तुजं घर, तुजी तू जान," आणि जपमाळ घेऊन देवघरात जाऊन बसल्या. मला वाटलं, झालं, जिंकले.

सुमन दुपारी आली. हातात पिशवी, पिशवीत तिचा स्वतःचा सोऱ्या. सवयीने पडवीत बसायला लागली. मी म्हटलं, "तिथं नाही, आत ये."

"आत?"

"आत."

तिने चपला काढल्या, पाय धुतले, पदराला हात पुसले. माजघर ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. चौकटीला हात लागू दिला नाही. एवढ्या वर्षांत तिने माझं स्वयंपाकघर पहिल्यांदा बघितलं. कढई बघितली, ओटा बघितला, हळूच आत आली. मी इतकी हरखून गेले होते की काय करू नि काय नको असं झालं. ती म्हणाली, "वैनी, आधी पानी द्या. उनाची आले."

"देते की," म्हणून मी उठले. स्वयंपाकघरात माझ्या कोपराशी ग्लासांची उतरंड होती. आणि मी त्या ग्लासांना ओलांडून, माजघर ओलांडून, पडवीत गेले. कोनाड्यातला तो पितळी पेला हातात घेतला, तेव्हा मला कळलं मी काय करतेय. मन काही म्हणत नव्हतं. मनात तर दिवाळी होती. पाय आपले चालत गेले, हात आपला वर गेला.

वळून बघितलं. पडवीपासून चुलीपर्यंत सगळं सरळ रेषेत दिसतं आमच्या घरात. सुमन बघत होती.

"तोच द्या वैनी," ती म्हणाली. "सवयीचा हाय."

मी तो पेला तिथंच ठेवला, जवळजवळ टाकलाच. धावत आत आले, आमच्या माठातला तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. घाईत निम्मं पाणी तिच्या साडीवर सांडलं. तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला, मान वर केली आणि लांबून धार धरून प्याली. एक थेंब ओठाला लागू न देता. कँटीनमध्ये मी ओरडून ओरडून थकले तरी जगाला तोंड लावणारी सुमन, तिच्या घरी माझ्यासमोर तांब्याला तोंड लावून पिणारी सुमन.

'तोंड लाव गं,' एवढं मला म्हणता आलं असतं. देवघरातून माळेचा आवाज येत होता. मी म्हटलं नाही.

तिने तांब्या ओट्यावर न ठेवता खाली फरशीवर ठेवला, खाली बसली, परातीतलं पीठ बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाली, "सैल झालंय. भाजनी असंल तर थोडी घाला."